कुलाब्याचं स्टेशन: पश्चिम रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना खुलं पत्र

प्रति,
माननीय महाव्यवस्थापक,
पश्चिम रेल्वे, चर्चगेट, मुंबई.

स. न. वि. वि.

५ जानेवारी २०२८ रोजी आपल्या मार्गावर विजेची लोकल धावू लागल्याला शंभर वर्षं पूर्ण होतील. मध्य रेल्वेच्या मार्गावर हा मुहूर्त ३ फेब्रुवारी २०२५ ला येऊन गेला. आपल्याकडेही आता एखादी समिती बसेल, जुने फोटो शोधले जातील, निमंत्रणपत्रिका छापल्या जातील. माझी धास्ती अशी की त्या पत्रिकेवर ‘चर्चगेट–बोरिवली विद्युत सेवेची शताब्दी’ असं छापलं जाईल, आणि छापणाऱ्यालाच काय, वाचणाऱ्यालाही त्यात काही खटकणार नाही.

५ जानेवारी १९२८ ला वीज आली ती कुलाबा ते बोरिवली या टप्प्यावर. चर्चगेट हे तेव्हा मरीन लाइन्ससारखंच वाटेवरचं एक स्टेशन होतं. गाडी तिथं थांबायची, माणसं चढायची-उतरायची आणि गाडी पुढे दक्षिणेला निघून जायची. ते ‘पुढे’ आज आपल्या कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

मी आपल्या रेल्वेचा साधा पासधारक आहे. बोरिवलीला चढतो, चर्चगेटला उतरतो आणि उरलेली वाट पायी तुडवत मंत्रालयाच्या बाजूला जातो. इतिहास हा माझा पेशा नाही. पण ज्या वाटेनं मी रोज चालतो, तिच्या आसपास पूर्वी गाडी धावत होती हे कळल्यापासून ती चाल जरा जास्तच लांब वाटायला लागली आहे. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी की विषय माझा एकट्याचा नाही, आणि विषयाशी संबंधित जागा व कागद यांचा मोठा वाटा आपल्याकडे आहे.

बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे, म्हणजे आपली पूर्वज कंपनी, मुंबईत शिरली ती उत्तरेकडून. तिचं पहिलं काम गुजरातेत, सुरतेच्या बाजूला सुरू झालं होतं. १८६४ च्या नोव्हेंबरात रूळ ग्रँट रोडपर्यंत आले आणि काही काळ तेच मुंबईतलं शेवटचं स्टेशन होतं. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हसमोरच्या उपसागराच्या काठापर्यंत, पहिली उपनगरी गाडी सुटली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची, बस्स. तेव्हाच्या थांब्यांची नावं वाचताना गंमत वाटते: नीला, बसीन, पंजू, बोरेवला, पहाडी, अंदारू. नालासोपारा, वसई, बोरिवली, गोरेगाव, अंधेरी ओळखता येतात. पंजू मात्र आज यादीत नाही. ते वसईच्या खाडीतलं पाणजू बेट. डोक्यावरच्या पुलावरून दिवसभर गाड्या धडधडत जातात आणि तिथले लोक अजून होडीनं नायगाव गाठतात. म्हणजे हरवलेल्या स्टेशनांची यादी कुलाब्यापासून सुरू होत नाही, पहिल्या दिवसाच्या गाडीपासूनच सुरू होते. पण पाणजूबद्दल पुन्हा कधीतरी.

१८७० मध्ये चर्चगेट स्टेशन झालं आणि १८७३ मध्ये रूळ कुलाब्याला पोचले. ही शेवटची पट्टी कशी मिळाली, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा कुठं घालावा हे न कळून लोकांनी समुद्र बुजवण्याच्या कंपन्या काढल्या. त्यातली सगळ्यांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, जुलैत शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि कंपनी बुडाली. मोठमोठ्या घराण्यांचं दिवाळं निघालं. त्या सगळ्या उचापतीतून किनाऱ्यालगत जी थोडी जमीन हाती लागली, तिच्यावरून आपल्या कंपनीचे रूळ दक्षिणेकडे गेले. डाव्या हाताला ओव्हलचं मैदान, पुढे कुपरेज, आणि उजव्या हाताला थेट बॅकबेचं पाणी. म्हणजे ही लाइन जन्माला आली तीच एका फसलेल्या भरावाच्या पोटी. ती मेली ते दुसऱ्या एका भरावापायी.

कुलाब्यातच जायचं कारण कापूस. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, हिरवळीवर भरणारा कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला हलला होता. त्याच्या आधी १८३८ मध्ये कॉजवे झाला, नाहीतर भरतीच्या वेळी कुलाबा मुंबईपासून तुटलेलंच असायचं. मग तिथं रुई दाबणारे प्रेस आले, वखारी आल्या, दलाल आणि मुकादम आले. १८७५ मध्ये ससून डॉक बांधून झाला. गुजरातचा कापूस भरून आणणाऱ्या रेल्वेला याहून सोयीची जागा दुसरी कुठली? वॅगन बाजाराच्या दारात, बाजार गोदीच्या दारात. शिवाय कुलाबा लष्कराचं ठाणं. माल आणि फौज, दोन्हीची सोय झाली.

प्रवासी मागून आले. आरंभीची तात्पुरती सोय बाजूला सारून १८९६ मध्ये प्रवाशांसाठी पक्कं स्टेशन उभं राहिलं आणि कुलाबा खऱ्या अर्थानं टर्मिनस झालं. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, चर्चगेटसमोर आपल्या मुख्यालयाची इमारत पूर्ण झाली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बोरीबंदरची प्रसिद्ध इमारत उभी केली, तेच हिचेही वास्तुकार. आज ज्या दालनात हे पत्र आपल्यापुढे येईल, त्या इमारतीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत १९०० साली एखादा अधिकारी उभा राहिला असता, तर त्याला कुलाब्याकडे जाणाऱ्या गाड्या दिसल्या असत्या आणि पलीकडे समुद्र. मुख्यालय लाइनीच्या टोकाला बांधलेलं नव्हतं. ते चालत्या लाइनीच्या कडेला बांधलेलं होतं.

कुलाब्याच्या भाग्यात मोठ्या गाड्याही होत्या. १ सप्टेंबर १९२८ ला फ्रंटियर मेल पेशावरकडे सुटली ती कुलाब्याहून. विलायतेची बोट लागली की हीच गाडी बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून निघायची. ती गाडी आजही धावते, १९९६ पासून गोल्डन टेंपल मेल या नावानं, मुंबई सेंट्रलहून. बॅलार्ड पिअरचं मोल स्टेशनही आता नाही. मुंबईनं जितकी स्टेशनं बांधली, तितक्याच बेफिकिरीनं काही पुसलीही. अंधेरी ते ट्रॉम्बे अशी एक लाइन १९२८ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद झाली, हे आज अंधेरीत कुणाला विचारून पाहा.

आता १९२८ कडे परत येतो, कारण माझ्या मते गोष्टीची मेख इथं आहे. त्या जानेवारीत विजेच्या तारा कुलाब्यापर्यंत गेल्या. खांब उभे राहिले, पंधराशे व्होल्टचा प्रवाह सुरू झाला, वाफेच्या धुरातून सुटका झाली. आणि ३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री चर्चगेट–कुलाबा टप्पा बंद झाला. तीन वर्षंही पुरी भरली नाहीत. एवढा खर्च करून टाकलेल्या तारा इतक्या लवकर उतरवाव्या लागतात, तेव्हा दोन वेगळ्या टेबलांवर दोन वेगळे निर्णय चालू होते, हे उघड आहे.

दुसरं टेबल सरकारचं होतं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींमुळे हे खातं मराठी घरांत अजून माहीत आहे. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवून त्या चाळींसाठी पैसा उभा केला गेला. त्याच खात्याकडे बॅकबेचा नवा भराव होता: मरीन लाइन्सपासून कुलाब्यापर्यंत समुद्रात भिंत घालायची आणि आत गाळ भरून ११४५ एकर जमीन काढायची. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरला गव्हर्नरसाहेबांचंच नाव दिलं होतं. भिंतीतून गाळ निसटत राहिला, खर्च फुगत गेला आणि लोकांनी योजनेचं नाव ‘लॉइडचा खुळेपणा’ पाडलं. काँग्रेसचे नेते आणि वकील खुर्शीद नरिमन यांनी या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. योजनेवरच्या हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. चौकशी समिती बसली, योजना छाटली गेली आणि ठरल्याच्या निम्म्याहूनही कमी जमीन वर आली.

जी आली, ती रुळांच्या पश्चिमेला आली. जुनं शहर रुळांच्या पूर्वेला. मधोमध आपली लाइन आडवी. कालपर्यंत जे रूळ समुद्राच्या काठानं जात होते आणि म्हणून कुणाच्याच अध्यातमध्यात नव्हते, ते एकाएकी नव्या जमिनीच्या आणि शहराच्या मध्ये येऊन बसले. ज्या प्लॉटांच्या विक्रीतून सरकारला बुडता पैसा वसूल करायचा होता, तिथं जायचं तर आधी रूळ ओलांडायचे. सरकारनं कंपनीकडे जमीन परत मागितली. त्याच सुमारास कापसाचा बाजार शिवडीकडच्या नव्या आगाराकडे निघाला होता, ज्याच्या नावानं हार्बरवर कॉटन ग्रीन स्टेशन आहे. म्हणजे माल गेला आणि जमीनही मागितली गेली. कुलाब्याची बाजू घेऊन भांडायला कोण उरलं होतं?

लांब पल्ल्याच्या गाड्यांना दुसरं घर हवं होतं. ते मुंबई सेंट्रलच्या रूपानं मिळालं. क्लॉड बॅटली यांची रचना, शापूरजी पालनजींचं बांधकाम, एकवीस महिन्यांत काम पुरं, आणि १८ डिसेंबर १९३० ला गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते उद्घाटन. ते स्टेशन चांगलंच आहे. पेशावरची गाडी शहराच्या शेपटाच्या टोकापर्यंत ओढत न्यायची काही गरज नव्हती, हे मलाही पटतं. लांबच्या गाड्या हलवणं शहाणपणाचं होतं. पण त्याच झटक्यात लोकलही तोडली. इथं माझं आणि त्या काळच्या सरकारचं जमत नाही.

कारण पाहा, ते समुद्र कशासाठी बुजवत होते? माणसांसाठी, घरांसाठी, कचेऱ्यांसाठी. एका हातानं माणसांना जागा करायची आणि दुसऱ्या हातानं त्यांची गाडी काढून घ्यायची. तेव्हा कुलाब्याला ट्राम होती. १८७४ मध्ये मुंबईतली पहिली घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचा एक मार्ग कुलाबा ते पायधुणी होता. त्यामुळे १९३१ च्या जानेवारीत फारसं कुणाचं अडलं नसेल. पण १९५५ मध्ये सचिवालय, म्हणजे आजचं मंत्रालय, त्याच बुजवलेल्या जमिनीवर आलं. १९६४ मध्ये ट्राम शहरातून गेली. मग पुढचा भराव झाला, टोलेजंग कचेऱ्या उठल्या, विधानभवन आलं, कफ परेडला मनोरे उभे राहिले. आणि या कचेऱ्यांच्या गर्दीला ज्यांचं नाव दिलं ते नरिमन पॉइंटचे नरिमन म्हणजे त्या भरावाची पोलखोल करणारे तेच खुर्शीद नरिमन. यावर मी काही बोलत नाही.

राज्याचा कारभार, बँकांची मुख्यालयं, हजारो कारकून, शिपाई, टंकलेखक. हे सगळे त्या भागात कामाला आले तेव्हा गाडी तिथून गेलेली होती. आजही संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास मंत्रालयापासून चर्चगेटकडे जो लोंढा चालत येतो, तो पाहायला आपण एकदा खाली उतरावं. सकाळी हाच लोंढा उलटा. शेअर टॅक्सीची रांग, बेस्टच्या बसची रांग, आणि ज्यांना दोन्ही परवडत नाही किंवा थांबायला वेळ नाही त्यांची पायपीट. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा छत्री उलटी करतो, ते वेगळंच.

ससून डॉकवर जाणाऱ्या कोळणींचं तर विचारूच नका. पहाटेच्या लिलावात मासळी घ्यायची, पाट्या भरायच्या, मिळेल त्या वाहनानं स्टेशन गाठायचं, पाट्या पुन्हा उतरवायच्या, मग लगेजच्या डब्यात चढवायच्या. एका जमान्यात या गोदीच्या हाकेच्या अंतरावरून रेल्वे सुटत होती. कापसाच्या गासड्यांसाठी ती सोय केली गेली. मासळी विकणाऱ्या बाईसाठी ती टिकवावी, असं कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पत्र एकांगी होईल. ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची जी देखणी रांग आहे, जिच्यामुळे हा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, ती तेव्हाच्या रुळांच्या आणि समुद्राच्या जागेवर उभी आहे. रूळ हलले नसते तर ती रांग तशी उभी राहिली नसती. मरीन ड्राइव्हचा सहापदरी थाट चर्चगेटच्या पुढे तसाच वळला नसता. शहराला काहीच मिळालं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण जे मिळालं त्याची पाटी लागली, यादी झाली, सहली निघतात. जे दिलं त्याची मात्र नोंद नाही.

याचा परिणाम असा की चर्चगेट हे लाइनीचं नैसर्गिक टोक आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो आहोत. तिथं गाडी रिकामी होते, परतीला बसायला जागा मिळते, मरीन लाइन्सचे हुशार लोक त्यासाठी आधी उलटे चर्चगेटला येऊन गाडीत बसून राहतात. बफरच्या पुढे रस्ता, रस्त्याच्या पुढे ऑफिसं. इथं लाइन भूगोलानं संपलेली नाही, एका सरकारी ताब्याच्या कागदानं संपवली आहे, हे फलाटावर उभं राहून कुणाला सुचणारही नाही. स्टेशनांची नावं बदलायची की नाहीत यावर आम्ही तावातावानं भांडतो. अख्खं स्टेशन गेलं त्याबद्दल मात्र साधी कुजबुजही नाही.

कुलाबा टर्मिनस होतं तिथं आज बधवार पार्क आहे, आपल्याच अधिकाऱ्यांची वसाहत. रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष एफ. सी. बधवार यांचं नाव तिला दिलं आहे, ते उचितच. देशाला ही जागा माहीत झाली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, समोरच्या मच्छीमार नगरच्या किनाऱ्याला ती बोट लागली तेव्हा. टीव्हीवर कितीदा तरी हे नाव उच्चारलं गेलं. रेल्वेची वसाहत इथं, आपल्या कुठल्याही चालू लाइनीपासून इतकी लांब, समुद्राच्या काठाला कशी काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. उत्तर सोपं होतं. लाइन इथं होती.

आणि आता नवी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरेहून निघालेली गाडी जमिनीखालून चर्चगेट, विधानभवन करत कफ परेडला पोचली. चर्चगेटच्या दक्षिणेला प्रवासी गाडी पुन्हा आली ती जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी. उद्घाटनाच्या जाहिरातींत दक्षिण मुंबईचं टोक पहिल्यांदाच रेल्वेनं जोडलं गेल्याचा सूर होता. मेट्रोच्या लोकांना मी दोष देत नाही. ज्यांच्या घरातली ही गोष्ट, त्यांनीच ती कधी मोठ्यानं सांगितली नाही, तर शेजाऱ्याला कुठून कळणार?

म्हणून काही मागण्या. लाइन परत टाका, ही त्यांतली नव्हे. तेवढं मला कळतं.

पहिली आणि महत्त्वाची मागणी कागदांची आहे. १९५१ च्या ५ नोव्हेंबरला पश्चिम रेल्वे झाली तेव्हा बी. बी. अँड सी. आय.चा वारसा आपल्याकडे आला. त्यात नकाशे असतील, यार्डाचे आराखडे, गाड्यांची कामकाजी वेळापत्रकं, आणि जमीन परत देण्याबद्दलचा सरकारशी झालेला पत्रव्यवहार. तारा ओढण्याचा आणि तारा काढण्याचा निर्णय एकमेकांच्या इतक्या जवळ कसे आले, ते या पत्रव्यवहारातून उलगडेल. आजच्या मुंबईला याचा उपयोग नाही असं समजू नये. एक खातं रस्ता बांधतं आणि दुसरं तो खणतं, हा खेळ आम्ही दर पावसाळ्याआधी पाहतो. त्याचा इतका महागडा, इतका जुना आणि कागदोपत्री पुरावा असलेला दाखला दुसरा मिळणं कठीण. हे कागद स्कॅन करून लोकांना वाचायला खुले करावेत. नकाशे आधी. वाळवी कुणाची वाट पाहत नाही.

दुसरं, जुन्या रेल्वे कुटुंबांना आवाहन करावं. ज्यांचे आजे-पणजे बी. बी. अँड सी. आय.त गार्ड, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन होते अशी घरं दादर, माटुंगा, विलेपार्ले, वसईला नक्की सापडतील. पेटाऱ्यात एखादं सेवापुस्तक, एखादा बिल्ला, जुना पास. कुलाब्याचं छापील तिकीट कुणाकडे निघालं तर सोन्याहून पिवळं.

तिसरं, चर्चगेट स्टेशनात, तिकीटखिडक्यांच्या बाजूला जिथं माणूस दोन मिनिटं तरी उभा राहतो अशा जागी, एक नकाशा लावावा. आजची लाइन ठळक, आणि चर्चगेटच्या खाली तुटक रेषेनं कुलाबा. जाहिरातींना जागा मिळते तिथं याला मिळायला हरकत नसावी. मेट्रोच्या विधानभवन आणि कफ परेड स्थानकांतही तसाच नकाशा लागावा, यासाठी आपण त्यांना एक पत्र धाडावं. आपण धाडलेल्या पत्राचं वजन माझ्या पत्राला नाही.

२०३० कडेही लक्ष वेधतो. १८ डिसेंबर २०३० ला मुंबई सेंट्रलला शंभर वर्षं होतील. समारंभ होणार, तिकीट निघणार, इमारतीला रोषणाई होणार. त्यानंतर तेराच दिवसांनी कुलाबा बंद झाल्याला शंभर वर्षं होतील. रेल्वेला उद्घाटनं लक्षात ठेवायची सवय आहे, बंद झालेल्या गोष्टी लक्षात ठेवायची नाही. पण या दोन तारखा एकाच निर्णयाच्या दोन कडा आहेत. सेंट्रलच्या प्रदर्शनात कुलाब्याला एक दालन द्या, निदान एक भिंत तरी. आणि त्याआधी, २०२८ च्या पत्रिकेवर ‘कुलाबा–बोरिवली’ हे शब्द तपासून छापा.

राहिला दगड. बधवार पार्कच्या बाहेर एक साधा कोरीव दगड बसवावा. आत नको, आत फक्त आपले अधिकारी वाचतील. बाहेर, पदपथाच्या कडेला, नाथालाल पारेख मार्गावरून जाणाऱ्याला वाचता येईल असा. मराठी वर, बाकीच्या भाषा खाली. मजकूर एवढा पुरे: ‘कुलाबा टर्मिनस. बी. बी. अँड सी. आय. रेल्वे. आरंभ १८७३, नवी इमारत १८९६, विजेची गाडी १९२८, बंद ३१ डिसेंबर १९३०. येथून बोरिवलीला लोकल आणि पेशावरला मेल सुटत असे.’ उद्घाटकांची नावं त्यावर नसली तर जागाही कमी लागेल. पदपथ महापालिकेच्या ‘ए’ विभागाच्या अखत्यारीत येतो आणि त्यांची परवानगी काढायला काय वेळ लागतो याची आपल्यालाही कल्पना असेलच, तेव्हा त्यांच्याकडचा अर्ज तेवढा याच आठवड्यात जावा ही विनंती.

आपला,
पश्चिम रेल्वेचा एक पासधारक